बिशपाची गादी कोणाच्या मुखत्यारीत?

बिशपांच्या नेमणुकीविषयी व्हॅटिकन आणि चीन यांच्यात सप्टेंबर 2018 मध्ये जो तात्पुरता करार झाला, आणि ज्याची मुदत 2024 मध्ये आणखी चार वर्षांनी वाढविण्यात आली, त्याची वार्ता वाचून ज्यांना नवल वाटले असेल त्यांनी मुंबई-गोव्याचा इतिहास अवश्य चाळावा. कारण धर्माधिकारी कोणी नेमावा हा प्रश्न वरकरणी श्रद्धेचा दिसला तरी मुळात तो सार्वभौमत्वाचा आहे, याची प्रचीती या किनाऱ्याने फार पूर्वीच घेतली आहे.

पोपांनी पोर्तुगालच्या राजांना वेळोवेळी ज्या सनदा दिल्या त्यांतून ‘पाद्रोआदो’ हा हक्क सिद्ध झाला: धर्मकार्याचा खर्च राजाने सोसावा आणि बिशपपदासाठी नावेही त्यानेच सुचवावीत. पुढे रोमलाच ही देणगी जाचू लागली, आणि धर्मप्रसाराची सूत्रे स्वतःकडे घेण्यासाठी 1622 मध्ये ‘प्रोपागांडा फिदे’ हे खाते निघाले.

या दोन सत्तांच्या ओढाताणीत दिवाडी बेटावरचा मातेउस दि कास्त्रो सापडला. धर्मांतरित ब्राह्मण कुळातल्या या तरुणाला गोव्यात पाद्रीपदाची दीक्षा मिळेना, म्हणून तो रोमला गेला, तेथे विद्या आणि दीक्षा दोन्ही संपादून 1637 मध्ये बिशप झाला, आणि आदिलशाही मुलखाचा धर्माधिकारी म्हणून परतला. परंतु गोव्याच्या अंमलदारांनी त्याचा अधिकार तर मानला नाहीच, उलट तो विजापूरकरांस व डचांस आपल्याविरुद्ध फितवतो, असा आरोप त्याच्यावर ठेवला. ज्या चर्चने समतेचा उपदेश केला तिच्याच दाराशी एका विद्वानाची ही अवहेलना व्हावी, याचा विषाद आजही वाटतो.

इंग्रजांची नजरही तितकीच राजकीय होती. पाद्री गोव्याचा, तर त्याचे इमान पोर्तुगालशी, या संशयाने 1720 मध्ये त्यांनी मुंबई बेटावरून गोव्याच्या आर्चबिशपाचा अंमल उठविला आणि प्रोपागांडाच्या कार्मेलाईट पाद्र्यांना आणले; पुढे तर एकाच शहरात दोन्ही पक्षांची चर्चे शेजारी-शेजारी नांदू लागली आणि भाविकांत दुफळी माजली. अखेर 1928 मध्ये मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व इंग्रज असावा, अशी तडजोड निघाली. त्या तडजोडीत या भूमीच्या सुपुत्राला जागाच नव्हती.

स्वतंत्र भारताला हे मानवणे शक्य नव्हते. जुलै 1950 मध्ये पोर्तुगालने मुंबईवरील हक्क सोडला, आणि त्याच वर्षी गोमंतकीय कुटुंबातले व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. गोव्यावरील राजकीय अंमल मात्र लिस्बनने आणखी 11 वर्षे सोडला नाही.