डाव्या हाताचा मळ

पत्त्यांची जादू करायची तर हात साफ हवा म्हणतात. पण तो हात डावा असला तर?

'अगं, यावर तर काहीच नाहीये!'

आमच्या ऑफिसचा ॲन्युअल डे. स्टेजवर मी, हातात पत्त्यांचा कॅट आणि समोर फायनान्सचे एक सीनियर सर. मी उजव्या हातात कॅट धरला, डाव्या हातानं झोकात पंखा उघडला, पानांची तोंडं सरांकडे केली आणि म्हटलं, 'सर, यातलं एक पान मनात धरा.' सरांनी चष्मा वर केला, खाली केला आणि माइकवरच ते वाक्य टाकलं. अख्खा हॉल हसला. माझी जादू सुरूसुद्धा झाली नव्हती.

प्रॉब्लेम सरांच्या चष्म्याचा नव्हता, माझ्या हाताचा होता. मी डावखुरी आहे.

कोपऱ्यांचा घोळ

घरात पत्ते असतील तर आत्ता हातात घ्या. नेहमीच्या कॅटात पानाची खूण, म्हणजे आकडा आणि त्याखालचं बारकं बदाम किंवा इस्पिक, दोनच कोपऱ्यांत छापलेली असते. वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या. उजव्या हाताच्या माणसानं पंखा उघडला की नेमक्या त्याच खुणा ओळीनं दिसतात. आम्ही डावखुरे तो उलट्या दिशेनं उघडतो. मग खुणा एकमेकांखाली दडतात आणि वर उरतात ते कोरे कोपरे. मे महिन्याच्या सुट्टीत झब्बू खेळताना मी हातातली पानं सारखी वरखाली करायचे. 'हिला पानंच धरता येत नाहीत,' असं चुलतभाऊ म्हणायचे. मलाही ते खरंच वाटायचं.

डावखुऱ्या मुलीला अशी वाक्यं नवी नसतात. बालवाडीत बाई माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या. घरी आजी होतीच. 'अगं, प्रसाद उजव्या हातात घे. डाव्या हातानं वाढू नकोस, पाहुणे काय म्हणतील?' पेन्सिल मी पुन्हा डाव्या हातात घेतली आणि तिथेच ठेवली. प्रसादाचा हात मात्र बदलला.

म्हणून नोकरीला लागल्यावर पत्त्यांच्या जादूचं वेड लागलं, तेव्हा ठरवूनच टाकलं. हे तरी पूर्णपणे डाव्या हातानं करायचं! पुस्तकांतली चित्रं सगळी उजव्या हाताची. मी ती आरशात बघून उलटी करून शिकले. सहा महिने रोज रात्री. आणि त्याचं फळ मिळालं ते ॲन्युअल डेला.

'काम कोणता हात करतो?'

त्यानंतर मी शनिवार पेठेतल्या एका काकांकडे गेले. बँकेतून रिटायर झालेले, तरुणपणापासून हौसेनं जादू करणारे. त्यांनी दोन मिनिटं माझे हात बघितले आणि म्हणाले, 'कॅट डाव्या हातात धर बाळ. उजवे लोक धरतात तसा.'

मला बालवाडीच्या बाई आठवल्या. मी पर्स उचलली.

'जायचं तर जा,' काका म्हणाले, 'पण आधी एवढं सांग. कॅट डाव्या हातात असला की खरं काम कोणता हात करतो?'

मी बसले. १९०२ साली निघालेलं 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' हे पुस्तक आजही हातचलाखीवाल्यांची पोथी मानलं जातं. लेखकाचं नाव छापलंय एस. डब्ल्यू. अर्डनेस. हा गृहस्थ खरा कोण, याचा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. त्यातही कॅट डाव्याच हातात असतो. उजवा हात पान उचलतो, फिरवतो, दाखवतो. लोकांचे डोळे त्याच्यामागे. इकडे डावा अंगठा नेमकी हवी तेवढीच पानं सरकवतो आणि डावी करंगळी दोन पानांमध्ये केसाएवढी फट धरून ठेवते. कसं, ते सांगणार नाही, धंद्याचा नियम आहे! पण ते नाजूक काम चालतं डाव्या हाताचं. उजव्यांना त्याच हाताला वळण लावायला किती घाम गाळावा लागतो!

'उजवा हात लोकांनी बघायचा,' काका म्हणाले. 'डावा आपला.'

मग त्यांनी अर्जेंटिनाच्या रेने लावांदचा व्हिडिओ दाखवला. १९२८ साली जन्मलेला हा माणूस मूळचा उजवा. वयाच्या नवव्या वर्षी मोटारीच्या अपघातात उजवा हात गेला. पुढे पिसणं, काटणं, वाटणं, सगळं एकट्या डाव्या हातानं शिकला. बरीच वर्षं बँकेत नोकरी केली आणि मग जगभर शो केले. २०१५ साली गेला. त्याची खासियत वेग नव्हे, संथपणा. तो मुद्दाम हळू करतो आणि तरीही काही कळत नाही. त्याच्यासाठी कुणी पुस्तक लिहिलं नव्हतं. माझ्यापुढे निदान दोन रस्ते होते.

तसे दोन्ही रस्ते चालतात. सगळं उलटं करून उत्तम जादू करणारे डावखुरे आहेतच. मी मिसळ केली. सचिन नाही का, लिहितो डाव्यानं आणि बॅटिंग करायचा उजव्यानं? गुपचूप कामं आता पुस्तकात सांगितल्याप्रमाणे होतात. पिसणं मात्र माझं मीच, माझ्या पद्धतीनं. उजव्या हाताला ऐटीत पान फिरवायला शिकवण्यात तीन महिने गेले. लोकलाजेसाठी बदललेला हात आणि कामासाठी बदललेला हात यांतला फरक कळायलाही तेवढाच वेळ लागला.

आणि तो कोरा पंखा? काकांनी सांगितलं की उजवे जादूगार तो मुद्दाम शिकतात. कॅट कोरा दाखवायचा असेल तर पंखा उलटा उघडतात. म्हणजे माझी फजिती हा चक्क एक आयटम होता!

गेल्या दिवाळीत तो घरी केला. पंखा उलटा उघडून आजीपुढे धरला. आजी मेंढीकोटातली मुरलेली खेळाडू. म्हणाली, 'कोरा कॅट आणलास होय गं?' मी मिटला, फुंकर मारली, सुलटा उघडला. राजा, राणी, गुलाम, सगळे हजर. आजीनं माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले.

'कुठल्या हातानं केलंस?'

'तुला काय वाटतं?'

'उजव्या,' आजी ठामपणे म्हणाली.

मी काहीच बोलले नाही. धंद्याचा नियम आहे.

तुम्हीही डावखुरे?

- चारही कोपऱ्यांत खुणा असलेला कॅट मिळतो. पंखा कसाही उघडा, पानं दिसतील.
- हात ठरवण्याआधी ५२ पानं दोन्ही हातांनी एकेकदा वाटून बघा. मग निवडा.
- सगळं उलटं शिकायचं असेल तर उजव्या गुरूच्या समोर बसा, त्यांच्यासारखंच शिकायचं असेल तर शेजारी.
- फजितीची नोंद ठेवा. कधीतरी तिचा आयटम होतो.