ताक नसेल तर आंबील

मे महिन्यात परभणीचा पारा 42 अंशांपुढे जातो, म्हशी आटतात आणि घरातले ताकही संपते. अशा वेळी आमच्या घरी आजीच्या पद्धतीची आंबील होते. 4 चमचे ज्वारीचे पीठ रात्री वाटीभर पाण्यात भिजवून झाकून ठेवावे. सकाळी आंबूस वास आला की 4 वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत सोडून 10 मिनिटे शिजवावे. मीठ, जिरेपूड, ठेचलेला लसूण घालून निवल्यावर प्यावे. घामावाटे गेलेले पाणी व मीठ भरून येते, पोटालाही आधार होतो. दूध न पचणाऱ्यांनाही ती चालते. रक्तदाबाच्या रुग्णांनी मीठ बेताने घ्यावे.

मात्र ऊन लागून ताप चढला, रोगी बरळू लागला, तर आंबील पाजत बसू नका. अंग ओले करून वारा घाला आणि तडक दवाखाना गाठा.