इसार

जोयड्यात सुताराला दार करावयास सांगितले, की तो प्रथम इसार मागतो. यात अविश्वास नाही. लाकूड त्याला आधी विकत घ्यावे लागते, आणि गिऱ्हाइकाने पाठ फिरविली, तर ते दार दुसऱ्या चौकटीत बसत नाही. गिऱ्हाइकाने मात्र लाकडापुरतेच द्यावे. मजुरी दार बसल्यावर. रक्कम इसाराची की किमतीचा आगाऊ हप्ता, हेही चिठ्ठीवर लिहावे. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. बंगल्याच्या एका व्यवहारात खरेदीदाराने १,००० रुपये इसार व पुढे २४,००० रुपये दिले होते. व्यवहार फिसकटल्यावर १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्यास इसाराचे हजारच जप्त करू दिले. मजुराची उचल याहून निराळी. तिच्यासाठी माणसाला कामाशी जखडणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरले.