पिवळ्या पाटीचं दशक

३१ जुलै २०२५ ला भारतातल्या मोबाईलला ३० वर्षं झाली. १९९५ साली त्या दिवशी कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाईल फोन लावला, हा किस्सा त्यानिमित्ताने पुन्हा सांगून झाला. मी जे जे वाचलं त्यात सार्वजनिक फोनचे बूथ चालवणाऱ्या एसटीडी-पीसीओवाल्यांबद्दल मात्र एक ओळ नव्हती. मोबाईलने ज्यांचं दुकान बंद पाडलं, त्या पोरांच्या नावाने निदान दोन शब्द तरी हवे होते. ते मी लिहितो आहे.

त्याआधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ट्रंक कॉल बुक करायचा आणि पोस्टात ताटकळायचं. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदांच्या आग्रहाने आपल्या धुळीत आणि उकाड्यात तग धरणारी देशी एक्स्चेंजं तयार झाली आणि दशक संपता संपता गावोगाव एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या लागल्या.

माझं गाव बार्शी. नव्वदच्या दशकात तिथला पदवीधर मुलगा काय करू शकत होता? वशिला असेल तर शिक्षकाची नोकरी, नाहीतर भुसार आडतीवर हिशेबनीस. गिरणीत चिकटायचे दिवस सरले होते. अशा वेळी ‘सुशिक्षित बेरोजगार’ असा शिक्का बसलेल्या मुलांना पीसीओ हा पहिला असा धंदा मिळाला, ज्याला बापजाद्यांचं भांडवल लागत नव्हतं. रस्त्यावरची एक खोली, काचेची केबिन, मीटर आणि दूरसंचार खात्याकडून लाईन, एवढ्यावर काम भागायचं. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे. काउंटरशेजारी कुबड्या टेकवून बसलेला मालक तेव्हा गावोगाव दिसायचा, आणि लोक त्याच्याकडे दयेने नव्हे, कामाने जायचे.

रात्री अकरानंतर दर पाववर यायचा आणि बूथवर खरी गर्दी व्हायची. तुरीचा भाव विचारायला आडतदाराचा माणूस, पुण्यात शिकणाऱ्या मुलाची आई, गावातल्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये पेशंट ठेवून आलेले लातूर-उस्मानाबादकडचे नातेवाईक, सगळे एकाच बाकावर. केबिनमध्ये पंखा घरघरायचा. मीटरवरचे लाल आकडे पळायचे. गाव जितकं लांब, तितके भरभर. बोलणाऱ्याची नजर त्या आकड्यांवर आणि वाक्य अर्ध्यावर. फोन ठेवला की छोट्या प्रिंटरमधून करकरत पट्टी बाहेर यायची, मालक ती फाडून हातात द्यायचा. वेळ, नंबर, युनिट, रक्कम, सगळं छापलेलं. घासाघीस नाही, उधारी क्वचित. वाईट बातमी ऐकून बाहेर आलेल्या बाईला आधी पाणी देऊन मग पैशाचं बोलणारे मालक मी पाहिले आहेत.

हा धंदा चालला त्याचं कारण साधं होतं. दर खात्याने ठरवलेला आणि मालकाचं कमिशनही आधीच ठरलेलं. एका युनिटमागे आपल्याला काय सुटणार हे मुलाला पहिल्या दिवशी माहीत असायचं. शिवाय गिऱ्हाईक त्याच्या दारात यायचं. म्हणून झेरॉक्स आलं, लॅमिनेशन आलं, फॅक्स आला, कुरिअरची एजन्सी आली. बूथच्या जिवावर बहिणींची लग्नं झाली, घरांवर स्लॅब पडले.

त्या काळाचा एक राग मात्र अजून गेलेला नाही. २ ऑक्टोबर १९९३ ला पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. १८ ते ३५ वयाच्या मुलांना एक लाखापर्यंतचं कर्ज, तेही तारणाशिवाय. आमच्या गल्लीतल्या एका मुलाची फाईल जिल्हा उद्योग केंद्राने मंजूर केली. गावातल्या एका बँकेत साहेबांनी जामीनदार मागितला, तोही सरकारी नोकरीतला. तो आणला, तर ‘यंदाचं टार्गेट संपलं, मार्चनंतर या.’ मार्चनंतर साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी नवी फाईल मागितली. शेवटी त्याने आईच्या पाटल्या मोडून बूथ टाकला. योजना कागदावर उत्तम होती. ती अडली टेबलावर. पुढे अशी पोरं ‘धडपड करत नाहीत’ म्हणून भाषणं झाली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तीच फाईल होती.

मग उतरण लागली. २००२ मध्ये एसटीडीचे दर कोसळले. पानटपरीवर रुपयाचं नाणं टाकून बोलायचा लाल डबा आला. १ मे २००३ पासून मोबाईलवर येणारा फोन फुकट झाला आणि २००६ मध्ये बीएसएनएलने देशभर एका रुपयात एक मिनिट देऊ केलं. देशासाठी हे चांगलंच झालं, माझ्या आईलाही फोन हातात मिळाला. पण ज्या खात्याने या मुलांना धंद्याला लावलं, त्याने धंदा बुडताना त्यांच्यासाठी दुसरं काही योजलं नाही. काहींनी सायबर कॅफे टाकला, काहींनी रिचार्ज विकलं. ज्यांना दुकान बदलणं शरीराने किंवा पैशाने जमलं नाही, त्यांचं शटर उतरलं.

आज तरुणांसाठी मुद्रा कर्ज आहे, स्टार्टअप इंडिया आहे. पण माझ्या ओळखीची तालुक्यातली मुलं पुण्यात जाऊन पाठीवर डिलिव्हरीची बॅग घेऊन फिरतात. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, आणि फेरीमागे किती मिळणार हे ॲप ठरवतं, ॲपच बदलतं. दारात येणारं गिऱ्हाईक नाही, की शेजारी झेरॉक्सचं मशीन टाकता येईल. याला स्वयंरोजगार म्हणायला माझं मन धजत नाही.

गावात राहिलेल्यांपैकी अनेक जण सरकारी दाखले काढून देणारं ‘आपले सरकार सेवा केंद्र’ चालवतात. ठरलेली फी, ठरलेला वाटा, दारात गिऱ्हाईक. पीसीओचाच हा वारसा. २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याच सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी मेटाशी करार केला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे वाचले तर मला आनंदच आहे. पण सेवा फोनवर नेताना केंद्रचालकाचं काय, हे आत्ताच ठरलं पाहिजे. ज्यांना फोनवर जमत नाही अशा म्हाताऱ्यांचं, निरक्षरांचं काम त्याच्याकडे ठेवा आणि त्याचा वाटा लेखी ठरवा. नवं काम शिकायला त्याला कर्ज द्या, तारण न मागता. पीसीओवाल्यांसाठी हे कुणी केलं नाही. या मुलांसाठी ते करायला अजून वेळ आहे.