माळढोकाची हद्द

मुळा धरणाच्या पाटपाण्यावर ऊस पिकविणाऱ्या राहुरीकरास आज नवल वाटेल. परंतु १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याची हद्द सोलापूर जिल्ह्यातून निघून कर्जत, श्रीगोंदे ओलांडून थेट राहुरीला लागून असलेल्या नेवासे तालुक्यापर्यंत येत असे, आणि तिच्यात ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख, म्हणजे गावे, बागायती, सडका आणि बाजारपेठाही, सामावलेला होता.

हेतू उदात्त होता. मोकळ्या माळावर, उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालणाऱ्या या भारदस्त पक्ष्यास विस्तीर्ण गवताळ रान लागते, हे शास्त्रसंमतच आहे. परंतु खासगी सातबाऱ्यावर अभयारण्याचा अंमल बसताच जमिनीचे व्यवहार अडले, रयतेचा रोष त्या निरपराध पाखरावर गेला, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आली. उलट कर्जत तालुक्यातीलच रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे असून काळविटे तेथे सुखाने नांदतात! अर्थात काळविटाचे माप माळढोकास लावणे हा शुद्ध अविचार होय. राजस्थान-गुजरातेत विजेच्या तारांवर आदळून तो मरतो, आणि २०२१ साली त्या तारा भूमिगत करण्याचा दिलेला व्यापक आदेश न्यायालयाने २०२४ साली शिथिल केला, तेव्हाही वाद विस्ताराचाच होता.

आमच्या मते कागदावरच्या अफाट सरहद्दीपेक्षा विणीचे माळ निश्चित करून, ते नांगर व वृक्षलागवड या दोहोंपासून राखणे आणि तेथील खातेदारास रोख मोबदला देणे, हेच श्रेयस्कर होय.