पडदा की खूर?

बदकाची चोच म्हटली की आपल्याला पाणी आठवते. डायनोसॉरांच्या एका गटाला 'बदकचोचे' हे नाव पडले आणि तिथेच थोडी फसगत झाली. या प्राण्यांच्या जबड्याचे पुढचे टोक रुंद, चपटे आणि बिनदातांचे असे. एडमाँटोसॉरस हा त्यांपैकी एक मोठा प्राणी, सुमारे १२ मीटर लांबीपर्यंत वाढणारा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो उत्तर अमेरिकेत राहत होता.

१९०८ साली अमेरिकेतील वायोमिंग राज्यात चार्ल्स स्टर्नबर्ग आपल्या मुलांसह जीवाश्म शोधत होते. जॉर्ज या मुलाला एक सांगाडा सापडला. त्याच्या हाडांवर चक्क वाळलेल्या, खवलेदार कातडीचे ठसे होते! म्हणून त्याला 'ममी' म्हणू लागले. आज ती न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये आहे.

हेन्री ऑस्बोर्न यांनी ती अभ्यासली. पुढच्या पायांची बोटे कातडीत गुंडाळलेली दिसली. बदकासारखा पडदाच हा! तेव्हा हा प्राणी पोहणारा असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पण दात काही वेगळेच सांगत होते. जबड्यात मागच्या बाजूला शेकडो दात एकमेकांना खेटून बसलेले. वरचे झिजले की खालून नवे येत. मऊ पाणवनस्पती खायला एवढे जाते कशाला? १९६४ साली जॉन ऑस्ट्रम यांनी असे पुरावे मांडून हे प्राणी जमिनीवर चरणारे होते, असे म्हटले. 'पडदा' म्हणजे चालताना भार पेलणारी, मेल्यावर सुकून चपटी झालेली गादी होती, हेही पुढे लक्षात आले.

२०२५ साली पॉल सेरेनो व सहकाऱ्यांनी वायोमिंगमधल्याच दोन ममींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मागच्या पायांच्या बोटांना चक्क खूर होते! शिवाय त्या ममींवर मूळची कातडी उरलीच नव्हती. ती कुजण्यापूर्वी तिच्यावर चिकणमातीचा एक मिलिमीटरहूनही पातळ थर बसला आणि त्या थराने कातडीचा आकार जपला.

ही गोष्ट वर्गात सांगताना फळ्यावर दोन रकाने आखू या: 'काय दिसले' आणि 'त्यावरून काय ठरवले'. बोटांभोवतीची कातडी पहिल्या रकान्यात जाईल. पडदा कुठे लिहायचा, हे मुलांनाच ठरवू द्या.