बुरशीचे न भिजणारे आवरण

शिळ्या भाकरीवर चढलेल्या हिरव्या बुरशीवर पाण्याचा थेंब सोडल्यास तो आत मुरत नाही. अळूच्या पानावरील थेंबाप्रमाणे घरंगळून जातो. हा गुण बुरशीच्या अंगावरील एका सूक्ष्म प्रथिनाचा होय. त्यास हायड्रोफोबिन म्हणतात. ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीच्या तंतूंना हवेत डोके काढावयाचे असते. परंतु पाण्याचा पृष्ठताण त्यांना अडवितो. हे प्रथिन तो ताण कमी करते व तंतूंना न भिजणारे आवरण देते.

जालना जिल्ह्यातील तूर उत्पादकांस ट्रायकोडर्मा ही हितकारक बुरशी परिचित आहे. तिच्याच कुळातील ट्रायकोडर्मा रीसी ही जात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॉलोमन बेटांवर लष्कराच्या कुजणाऱ्या सुती कापडावर आढळली. हायड्रोफोबिन काढण्यासाठी तिचा उपयोग होतो.

त्यासाठी टाक्यांतील पातळ खाद्यावर बुरशी वाढवून त्यात हवा खेळवावी लागते. खरी अडचण येथेच आहे. प्रथिन हवेच्या बुडबुड्यांकडे धाव घेते, फेस उतू जातो व त्याबरोबर मालही जातो. मात्र ताक घुसळता लोणी वर यावे, तसे या फेसात प्रथिन एकवटते. फेस वेगळा काढल्यास शुद्धीकरणाची पहिली पायरी साधते. दुसऱ्या रीतीत साबणासारखा एक पदार्थ द्रवात मिसळतात. त्याचा थर वेगळा होताना प्रथिनास सोबत घेतो. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीच्या संशोधकांनी तर बुरशीचे जनुक जिवाणूत घालून हे प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार केले.

हे काम कारखान्याचे आहे, गावी करण्याजोगे नव्हे. परंतु त्यातील बोध शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे. ट्रायकोडर्माची भुकटी एकदम पुष्कळ पाण्यात टाकल्यास ती तरंगते, तिच्या गुठळ्या होतात, बियाण्यास सारखी लागत नाही आणि खर्च वाया जातो. म्हणून किलोभर बियाण्यास ५ ग्रॅम भुकटी घेऊन प्रथम अगदी थोड्या पाण्यात कालवावी, मग बियाण्यास हलक्या हाताने चोळावी व बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. रासायनिक औषध लावावयाचे असल्यास ते आधी लावावे, ट्रायकोडर्मा शेवटी.

जेथे मर रोग वारंवार येतो, तेथे बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या बीडीएन ७११ सारख्या रोगप्रतिकारक वाणाची निवडही करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी दोन पेले पाणी घेऊन, एकात कोरडी व दुसऱ्यात कालवलेली भुकटी टाकून दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेला फरक शेतकरी विसरत नाही.